जुन्या मालवाहू गाडीची पारख

(आपल्या कुंभार ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचे सत्कार, वधूवरांची ओळख आणि वार्षिक हिशेब हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय होत. कार्यकारी मंडळाने आज आम्हांस त्याहून निराळ्या, परंतु तितक्याच निकडीच्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. विषय आहे, जुनी छोटी मालवाहू गाडी घ्यावी कशी?

आपली ज्ञाती पिढ्यान् पिढ्या माती वाहत आली. पूर्वी ती गाढवाच्या पाठीवरून येई. ते जनावर घेताना आपले आजे-पणजे त्याचे दात पाहत, खूर उचलून पाहत, चार पावले चालवून पाहत आणि मगच पैशाला हात लावीत. आज त्या जनावराच्या जागी चारचाकी आली आहे. २००५ साली टाटांची ‘एस’ ही गाडी बाजारात आली आणि लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले. पुढे अशोक लेलँडची ‘दोस्त’ आणि मारुतीची ‘सुपर कॅरी’ आली; महिंद्रांच्या ‘बोलेरो पिकअप’ची ओळख तर गावोगावी आहे. यांपैकी नवी गाडी घेणे आपल्यातील पुष्कळांस झेपत नाही. म्हणून जुनी घेतली जाते, आणि तिच्यासाठी घरातील सोने गहाण पडते. गाडी उभी राहिली की हप्ता चालूच राहतो आणि मडकी, पणत्या, मूर्ती मात्र अंगणातच राहतात. तेव्हा हा विषय यंत्राचा नसून संसाराचा आहे.

पहिला प्रश्न आपण गाडीला नव्हे, स्वतःला विचारावा. आपला माल कोणता? पेणहून गणेशमूर्ती आणणाऱ्यास जागा पुष्कळ लागते, भार थोडा असतो. माती किंवा विटा वाहणाऱ्याची गोष्ट अगदी उलट. छोट्या हत्तीचा हौदा सुमारे सव्वासात फूट लांब, पाच फूट रुंद आणि एक फूट उंच असतो. तो ओल्या मातीने काठोकाठ भरला तर भार दीड टनाच्या वर जातो; गाडीची शक्ती मात्र पाऊण टनाच्या आसपास. हौद्यात मावते म्हणून गाडीला पेलते, असे समजणे म्हणजे स्वतःच्या हाताने पाटे मोडणे होय. ज्याचा धंदा मातीचा किंवा विटांचा आहे, त्याने एक टनाहून अधिक भाराची गाडी पाहावी, नाहीतर हौदा अर्धा भरून दोन खेपा कराव्यात. आणि ज्यास गणपती-दिवाळीचे दोन-तीन महिनेच गाडी लागते, त्याने भाड्याचा आणि हप्त्याचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावा. अशा घरास भाड्याची गाडीच पुष्कळदा परवडते.

आता गाडीची परीक्षा. गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या मस्तकांवर थापटणे मारून कच्चे कोण आणि पक्के कोण हे पारखले, ही कथा आपल्या घरातील पोरासही ठाऊक आहे. शे-दीडशे रुपयांचे मडके घेणारे गिऱ्हाईकसुद्धा ते बोटाने वाजवून घेते. मग दोन-तीन लाखांची गाडी केवळ रंगावर भाळून का घ्यावी?

गाडी पाहावयास सकाळी जावे, आणि इंजिनला प्रथम हात लावून पाहावा. ते गार असले पाहिजे. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर गार इंजिन सुरू होताना जी कुरकुर करते ती आपणांस ऐकू येणार नाही. सुरू केल्यावर धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खात आहे. दाट काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर इंजिनात पाणी शिरत असण्याचा संशय घ्यावा. इंजिन गार असतानाच रेडिएटरचे झाकण काढावे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर तेथूनच नमस्कार करून परतावे.

नंतर गाडीखाली वाकावे. मालवाहू गाडीचा कणा म्हणजे तिची चेसीस. तिच्यावर वेल्डिंगचे जोड, तडे किंवा फक्त एकाच जागी ताजा रंग दिसला, तर ती गाडी भाराने वाकली आहे किंवा अपघातातून उठली आहे असे समजावे. पाट्यांची पाने मोजावीत. मालक अधिक भार वाहण्यासाठी जादा पाने घालून घेतात, आणि ती पानेच गाडीचा पूर्वेतिहास सांगतात. टायर एकाच बाजूने झिजले असतील, तर चाकांची ठेवण बिघडली आहे. कोकणातील गाडी असेल, तर हौद्यातील चटई उचलून तळ बोटांनी ठोकावा. खारी हवा पत्रा आतून खाते. शेवटी गाडी भार घालून चढावर चालवावी. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर सगळ्यांचीच चांगली पळते. आपल्या ओळखीचा मेस्त्री बरोबर असावा, आणि त्याची मजुरी आपणच द्यावी. विकणाऱ्याच्या मेस्त्रीचे डोळे विकणाऱ्याचेच असतात.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ इंजिनांच्याच नव्या गाड्यांची नोंदणी होते. त्यांतील धूर शुद्ध करण्याची यंत्रणा नाजूक व खर्चाची असते. बीएस-४ गाडी दुरुस्तीस सोपी, पण तिचे वय वाढत चालले आहे. पंधरा वर्षांवरील मालवाहू गाडीच्या योग्यता-तपासणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. आठ वर्षांपर्यंत योग्यतेचा दाखला दोन वर्षांचा मिळतो, पुढे तो दरवर्षी काढावा लागतो. हे सारे किमतीतच धरावे. समजा, आपल्यापाशी तीन लक्ष रुपये आहेत; तर गाडी अडीच लाखांपर्यंतचीच पाहावी आणि उरलेली रक्कम टायर, बॅटरी, विमा व पहिली दुरुस्ती यांसाठी बाजूला ठेवावी.

लोखंडाइतकीच कागदाचीही पारख करावी. चेसीसवर कोरलेला क्रमांक आणि नोंदणीपुस्तकातील क्रमांक अक्षरशः जुळवावा. कर, विमा, योग्यता, प्रदूषण आणि थकलेली चलने तपासावीत. नोंदणीवर वित्तसंस्थेचा बोजा असेल, तर नमुना ३५ आणि ना हरकत दाखला हाती येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. “मुद्रांक कागदावर लिहून देतो, पुढचे हप्ते तुम्ही भरा”, असे जो म्हणेल त्याच्या वाटेस जाऊ नये. हप्ते आपण भरतो, गाडी कागदावर त्याचीच राहते, आणि तो चुकला की वसुलीवाले आपल्या दारात उभे राहतात.

विकणाऱ्या बांधवांनीही हे ऐकावे. नमुना २९ व ३० भरून गाडी घेणाऱ्याच्या नावे झाली पाहिजे. नोंदणी ज्याच्या नावे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. गाडी विकून पैसे खर्च झाले, पण नाव तसेच राहिले, तर परक्याच्या चुकीचे ओझे आपल्या घरावर येते.

भगिनींनो, आपणांस एक विशेष विनंती आहे. गहाण पडतात ते दागिने आपले असतात. म्हणून सह्या होण्यापूर्वी कागद आपण वाचावेत किंवा शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावेत. हप्ता किती, मुदत किती, व्याजासह एकूण परतफेड किती, हे तीन प्रश्न घरातच विचारले गेले, तर दलालाचे निम्मे बोलणे आपोआप थांबते.

आमची संस्थेपुढे एक सूचना आहे. ज्ञातीत मेस्त्री आहेत, चालक आहेत, कचेरीच्या कामाचे जाणकारही आहेत. प्रत्येक तालुक्यात अशा दोघा-तिघांनी गाडी घेणाऱ्या कुटुंबाबरोबर एक सकाळ जावे. या कामास निधी लागत नाही. संस्थेने एवढे केले, तरी एखाद्या घरचे सोने वाचेल.