दोन आकडी घेतली तर?

(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या तुकडीने शाळेला काय भेट द्यायची, यावर गेले तीन महिने व्हॉट्सॲपवर चर्चा चालू आहे. शेवटी ‘हुशार मुलांसाठी कोड्यांचा वर्ग’ यावर बहुतेकांचं एकमत झालं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून त्यावर बोलायचं काम माझ्याकडे आलं. माझी वर्गणी जमा झाली आहे. तेव्हा थोडं विरोधात बोलायचा हक्क मला आहे, असं समजते.

आठवीत आपल्याकडे असा वर्ग होता. शनिवारी शाळा सुटल्यावर, चित्रकलेच्या खोलीत. सहामाहीत ऐंशी टक्क्यांच्या वर मार्क असणाऱ्यांची यादी लागली, त्यात माझं नाव होतं. त्या वर्गाने मला काय दिलं ते आधी सांगते, कारण ते फार मोठं आहे.

एका शनिवारी सर म्हणाले, “कोणतीही चार आकडी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. त्याच अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, वजा करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच करा.” आपल्या दहावीचं साल घेऊन बघू. ९९६१ मधून १६९९ गेले, उरले ८२६२. मग ८६२२ वजा २२६८, ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४च. तिथून पुढे हलता येत नाही. वर्गात प्रत्येकाची संख्या वेगळी होती आणि शेवटी सगळ्यांच्या वहीत ६१७४.

हे शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवायचे. १९४९ साली त्यांना ही संख्या सापडली. जगाला त्यांचं नाव कळलं ते बरंच नंतर, १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिल्यावर. आपल्यासारख्याच एका शाळेतले मास्तर हे करू शकतात, ही गोष्ट मला त्या दिवशी ६१७४पेक्षाही मोठी वाटली होती.

आता दुसरी बाजू. माझ्या बाकावरची मैत्रीण यादीत नव्हती. तिला बासष्ट टक्के होते. आम्ही दोघी एकाच रस्त्याने घरी जायचो, म्हणून ती व्हरांड्यात थांबायची. त्या दिवशी तिने खिडकीतून फळा बघितला होता. एस.टी. स्टँडच्या चढावर तिने विचारलं, “अगं, दोन आकडी घेतली तर?”

आत बसलेल्या आम्हा अठरा जणांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. आम्ही चार आकडी संख्या घेऊन कोणाचं लवकर होतं याची शर्यत लावत होतो.

सोमवारी तिने वहीचं मागचं पान आणलं. ७१ घेतले, उत्तर ५४. मग ९. मग ९० वजा ०९, ८१. मग ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९. म्हणजे इथे एक संख्या सापडत नाही, गाडी गोल गोल फिरत राहते. खाली तिने लिहिलं होतं, ‘सगळी उत्तरं नऊच्या पाढ्यात का?’ आणि कारणही लिहिलं होतं: ७१ मधून १७ गेले म्हणजे सातातून एक गेला आणि त्याची नऊपट झाली. कोणतेही दोन अंक घ्या, तसंच होणार. बीजगणित आम्हाला नुकतंच सुरू झालं होतं. तिने ते आपल्या भाषेत मांडलं होतं.

पुढच्या शनिवारी मी ते फळ्यावर लिहिलं. सरांनी विचारलं, “हे कुठून सुचलं?” मी म्हटलं, “असंच, घरी करून बघितलं.” सरांनी पाठ थोपटली. सर, आज तुम्ही समोर बसला आहात, म्हणून सांगते. ती थाप माझी नव्हती.

गेल्या महिन्यात मी तिला फोनवर हे कबूल केलं. ती हसली. म्हणाली, “मला माहीत होतं गं. खिडकीतून दिसत होतं की.” ती आज इथे आहे. नाव घ्यायचं नाही, असं तिने बजावलं आहे.

बावीस वर्षं मी प्रोग्राम लिहिते आहे. सांगितलेलं काम पटकन करणारी माणसं पुष्कळ भेटली. ‘रकाना रिकामा ठेवला तर काय होईल?’ असं विचारणारी फार थोडी. प्रोग्राममधली मोठी चूक बहुतेक वेळा अशाच माणसाला सापडते. सहामाहीच्या टक्केवारीत ती ओळखू येत नाहीत.

हुशार मुलांना वेगळं काही लागत नाही, असं मी म्हणत नाही. ज्याचं गणित पाच मिनिटांत झालं, त्याला तशीच आणखी दहा गणितं देणं ही शिक्षा आहे. पुढच्या इयत्तेचं पुस्तक आधी उरकून घेणं हाही उपाय नव्हे. त्याला असं कोडं हवं जे पहिलीतल्या वजाबाकीने सुरू होतं आणि संपतच नाही. पाच आकडी संख्या घेऊन बघा, तिथेही एक संख्या मिळत नाही, वेगवेगळी चक्रं मिळतात. का, ते शोधायला कॉलेजातला मुलगाही बसेल.

म्हणून माझी विनंती एवढीच. पैसे जमले आहेत, वर्ग जरूर सुरू करू. पण यादी नको. व्हरांड्यात एक फळा लावू. दर सोमवारी त्यावर एक कोडं, येता-जाता सगळ्यांना दिसेल असं. शेजारी एक पेटी, तिच्यात उत्तरं नव्हे, मुलांना पडलेले प्रश्न टाकायचे. मार्क नाहीत, बक्षीस नाही. शनिवारी खोलीत ज्याला यायचं त्याने यावं. ज्याचा प्रश्न चर्चेला घेऊ, त्याचं नाव फळ्यावर लिहायचं. ही शेवटची अट माझी आहे.

आता जेवणाआधी तीन आकडी घेऊन बघा. उत्तर मी सांगणार नाही. सरही कधी सांगायचे नाहीत.