कृपणाचे दान

कंजूष माणूस आपल्या रंगभूमीला अपरिचित नाही. मोलिएरच्या १६६८ सालच्या नाटकावरून आचार्य अत्रे यांनी 'कवडीचुंबक' लिहिले. मोलिएरचा कृपण अखेरपर्यंत आपल्या पैशाच्या पेटीलाच बिलगून राहतो. चार्ल्स डिकन्सचा स्क्रूज मात्र पालटतो. १८४३ सालच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या कथेत भुते त्याला एका रात्रीत त्याचा भूतकाळ, वर्तमान आणि शेवटी त्याचीच उपेक्षित कबर दाखवितात. सकाळी तो उदार होऊन उठतो.

आता हे औदार्य निःस्वार्थ म्हणावे काय? मरणाच्या धास्तीने थैली सोडली, हा तर सौदाच झाला, असा आक्षेप येतो. तो क्षुल्लक नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात फळासाठी कर्म करणाऱ्यांनाच 'कृपण' म्हटले आहे. त्या कसोटीने स्क्रूज दान करूनही कृपणच ठरावयाचा!

परंतु त्याची पहिली कृती पाहा. आपल्या गरीब कारकुनाच्या घरी तो सणाच्या जेवणासाठी भला मोठा टर्की पक्षी पाठवितो, तोही आपले नाव कळू न देता. ज्याला कीर्ती विकत घ्यावयाची असते, तो आधी आपले नाव लिहवून घेतो. पुढे कारकुनाच्या आजारी मुलाला स्क्रूज पित्याची माया देतो. भयाने त्याला जागे केले, हे खरे. पण एका रात्रीचे भय वर्षानुवर्षांच्या मायेला पुरत नाही. ती माया त्याची स्वतःचीच म्हटली पाहिजे.