ग्रीस लांब आहे, तेर जवळ आहे

 

रील्समध्ये सध्या एक गोष्ट सारखी दिसते. परदेशातल्या कॉलेजची पोरं ग्रीसला सहलीला गेलेली, मागे पांढरे खांब, पडकी देवळं. खाली आपल्याकडच्यांच्या कमेंट्स ठरलेल्या: "आपल्या नशिबात कुठं!" आज त्यावरच बोलू.

साधारण दोन हजार वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत एक पुस्तक लिहिलं, 'पेरिप्लस'. लेखकाचं नाव कुणालाच माहीत नाही, पण तो इजिप्तमधला असावा. कोणत्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, याची त्यात नोंद आहे. आजच्या भाषेत बिझनेस गाइडच म्हणा. त्यात आपल्या मराठवाड्यातल्या दोन गावांची नावं आहेत. एक पैठण आणि दुसरं तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं तेर. हो, तेच गोरोबाकाकांचं तेर.

तो काय लिहितो बघा. तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोच बंदरात जाते. कशी? गाड्यांमधून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून. रस्त्याची रड तेव्हाही होती म्हणायची! पण त्या रस्त्यानंसुद्धा आपल्या भागाचा माल समुद्रापार पोचत होता. ज्यांच्या घरी आज कापूस वेचला जातो, त्यांनी हे वाक्य दोनदा ऐकावं.

याला पुरावाही आहे. इटलीतलं पॉम्पेई शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं 1938 साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती आपल्या तेरला सापडली आहे, आणि तशीच एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला.

आता नीट सांगतो, तेरला ग्रीक देऊळ वगैरे नाही. तिथं आहे विटांचं जुनं त्रिविक्रम मंदिर, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. मूळचा हा बौद्ध चैत्य असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. आणि गावातच लामतुरे संग्रहालय आहे. जाण्याआधी चौकशी मात्र करा.

ग्रीकांची खूण दगडावरच बघायची असेल तर कार्ल्याच्या लेणीत जा. तिथल्या काही खांबांवर, हा खांब धेनुकाकटच्या अमुक यवनानं दिला, असं ब्राह्मी लिपीत कोरलंय. यवन हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा. जुन्नरला तर इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिल्याचा लेख आहे. म्हणजे परका माणूस इथं आला, इथल्या भिक्षूंसाठी पाण्याची सोय केली, म्हणून त्याचं नाव दगडावर राहिलं.

आणि आपण? सहलीला गेलो की किल्ली काढतो आणि बदाम कोरून दोन नावं लिहितो. संरक्षित वास्तूचं असं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे माहीत असू द्या. पण दंडाचं सोडा. ज्यानं टाकं दिलं त्याचं नाव, आणि ज्यानं फक्त खरडलं त्याचं नाव, एकाच दगडावर शोभतं का?

मला खरी चुटपुट वेगळीच लागते. यवनाचं नाव आपल्याला कळतं, पण तगरची ती मलमल विणणारीचं किंवा विणणाऱ्याचं नाव कुठंच नाही. आपल्याच माणसांचा हा इतिहास, आणि तो आपल्यापर्यंत आला परक्या माणसाच्या वहीतून. "आमचा भाग मागास" असं आपण पटकन म्हणतो, त्याआधी हे आठवावं.

म्हणून एक काम सांगतो. दिवाळीनंतर शाळेत सहलीचा विषय निघेल. वॉटर पार्कचं नाव येईलच. तेव्हा हात वर करा आणि म्हणा, "सर, मॅडम, या वर्षी तेरला जाऊ." शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, त्यामुळे ज्यांना पैशापायी घरी बसावं लागतं, त्या मैत्रिणीही येऊ शकतील. परभणी, लातूर करत जा, एक मुक्काम ठेवा. सोबत वही घ्या, आणि किल्ली खिशातच राहू द्या.

गेलात तर काय पाहिलं ते व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!