हाकेला ओ

कुटुंबातली माणसे एकमेकांजवळ राहतात ती रोजच्या अगदी साध्या सवयींमुळे. हाक आली की ओ देणे, बाहेर पडताना सांगून जाणे, जेवायला एकमेकांसाठी थांबणे, पोचल्यावर कळवणे, घरातल्या जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगणे, यादी साधारण एवढीच आहे. यांतल्या एकाही सवयीला पैसा लागत नाही, मुहूर्त लागत नाही. बहुधा म्हणूनच त्या कधी सुटल्या हे घराला कळत नाही.

या विषयाच्या अभ्यासाची विद्यार्थ्यांना ओळख करून द्यावी, असे शाळेच्या आजच्या कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रात म्हटले आहे. ती ओळख थोडक्यात अशी. अमेरिकेत जेम्स बोसार्ड आणि एलिनॉर बोल या समाजशास्त्रज्ञांनी 1950 साली कुटुंबातल्या नित्य रीतींवर एक पुस्तक लिहिले. त्यासाठी त्यांनी छापील आत्मचरित्रे वाचून काढली आणि घर किती एकसंध आहे हे ओळखायला त्या घरातल्या रीती पाहाव्यात, असे मत मांडले. आपल्याकडे इरावती कर्वे यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ 1953 साली आला. एकत्र कुटुंबाची त्यांनी केलेली व्याख्या पुढे सर्वांनी उचलली: एका छपराखाली राहणारी, एका चुलीवर शिजलेले खाणारी, सामाईक मालमत्ता असलेली आणि एकत्र देवधर्म करणारी माणसे. अभ्यासाची ओळख इथे थांबवायला हरकत नाही, कारण या शाळेच्या पंचक्रोशीतली निम्मी घरे त्या व्याख्येत कधी बसलीच नाहीत.

कोकणातला कर्ता पुरुष मुंबईला गिरणीत आणि बाकीचे घर गावात, अशी विभागणी इथे तीन-चार पिढ्या चालली. तो लालबाग-परळच्या एका खोलीत गाववाल्यांबरोबर पाळीपाळीने झोपे आणि खानावळीत जेवे. चूल दोन ठिकाणी, छप्पर दोन ठिकाणी, भेट गणपतीत नाहीतर शिमग्यात. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती 1998 च्या जानेवारीत. तोवर एसटीची रात्रभराची घाटवाट किंवा बोट हाच प्रवास होता. तरीही ही घरे मोडली नाहीत. कशामुळे मोडली नाहीत, याचे उत्तर त्या काळच्या टपालात सापडते.

भारतात पोस्टकार्ड 1 जुलै 1879 पासून मिळू लागले, किंमत पाव आणा. मनीऑर्डर पुढच्या वर्षी, 1880 साली आली. 1970 च्या दशकात या शाळेची इमारत कौलारू होती, आठवीचा वर्ग पावसाळ्यात दोन कोपऱ्यांत गळायचा, आणि शाळा सुटल्यावर चांगल्या अक्षराच्या मुलांना एक ठरलेले काम असे. वाडीतल्या ज्या बायकांना लिहिता येत नव्हते त्यांची पत्रे लिहून द्यायची आणि आलेली वाचून दाखवायची. त्या मुलांत आज इथे बोलणारे प्रमुख पाहुणेही होते. मोबदला म्हणून मूठभर भाजलेल्या काजूबिया मिळत, कधी फणसाच्या साठाचा तुकडा.

पत्राची सुरुवात आणि शेवट मुलांना मराठीच्या गुरुजींनी घोटून दिलेला असे: तीर्थरूपास शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडील सर्व क्षेम, आणि तळाशी कळावे, लोभ असावा. मधला मजकूर मात्र ओटीवर बसून सांगितला जाई. लिहिणाऱ्या मुलाला वाटे, आता काहीतरी महत्त्वाचे येणार. येत असे ते असे: गाय व्याली, पाडा झाला. परड्यातल्या विहिरीला औंदा चैत्रातच तळ दिसला. धाकटीचा दुधाचा दात पडला, तो कौलावर टाकला. शेजारच्यांनी बांध कोरलाय, पण तू त्यांना तिथे काही बोलू नको. आठवण येते, हे वाक्य कोणी सांगितल्याचे आठवत नाही. पाडा झाला, दात पडला, विहीर आटली, यातच ते आलेले असे. मुंबईच्या खोलीत ते कार्ड मोठ्याने वाचले जाई आणि चार गाववाल्यांना पाड्याचा रंग काय असेल याची चिंता लागे.

मनीऑर्डरीचा फॉर्म नीट पाहिलेली माणसे आता थोडी उरली. त्याच्या एका तुकड्यावर चार ओळींचा निरोप लिहायला जागा असे. पाठवलेल्या पैशांवर हशील पडे, तेव्हा ती जागा मोकळी सोडणे गिरणी कामगाराला परवडत नसे. तो तिथे बारीक अक्षरात मुलांची चौकशी करी. दुसरा तुकडा पोचपावतीचा. पोस्टमन दारात पैसे मोजून देई, त्या तुकड्यावर आईच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेई आणि तो कागद परत मुंबईला जाई. पैसे पाठवणाऱ्याच्या हातात महिन्यातून एकदा त्याच्या आईचा ठसा येत असे, जांभळ्या शाईतला. टपाल खात्याने हिशेबासाठी केलेली ही सोय. हाकेला ओ मिळाल्याची त्याहून पक्की खूण कुटुंबाला दुसरी मिळाली नसती. कागदी मनीऑर्डरीची ही जुनी पद्धत 2015 साली बंद झाली.

हाकेला ओ देण्याचे शास्त्रीय मोजमाप अमेरिकेत सिॲटलला झाले. वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी राहत्या घरासारख्या सजवलेल्या प्रयोगशाळेत नवविवाहित जोडप्यांचे निरीक्षण केले. दोघांपैकी एक जण काहीतरी किरकोळ बोलतो, खिडकीबाहेर बघ म्हणतो, वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवतो. दुसरा त्यावर मान वर करतो की नाही, एवढेच नोंदवायचे. सहा वर्षांनी पाहिले तेव्हा जी जोडपी एकत्र होती त्यांनी अशा हाकांना 100 पैकी 86 वेळा ओ दिली होती. जी विभक्त झाली त्यांचा आकडा 33 होता. हे निरीक्षण नवरा-बायकोंचे आहे, आईबाप आणि मुलांना ते जसेच्या तसे लावता येत नाही. पण दहावीचा मुलगा कानात इअरफोन घालून बसलेला असताना स्वयंपाकघरातून तिसरी हाक जाते, तेव्हा तिथे काय चालले आहे हे समजायला ते पुरेसे आहे. तिसऱ्या हाकेनंतर आई हाक मारणे सोडते. चौथ्या वर्षी ती सांगणेही सोडते.

म्हणून तरुण मुलामुलींनी दिवसात दुसरे काही केले नाही तरी चालेल, पहिल्या हाकेला ओ द्यावी. काम लगेच करता येत नसेल तर पाच मिनिटांनी येतो म्हणावे. तीही ओच आहे. हातातला फोन खाली ठेवावा, मान वर करावी, मग बोलावे. अभ्यास चालू होता हे कारण बहुतेक वेळा खरे नसते, आणि खरे असले तरी एका ओने कोणाचे मार्क गेल्याचे ऐकिवात नाही.

निघण्या-परतण्याच्या सवयी याच्याच पुढच्या. कोकणातल्या घरात आलेल्याच्या हातात आधी गूळपाणी येते, मग चौकशी होते. जाणाऱ्याबरोबर कोणीतरी फाट्यापर्यंत जाते आणि लाल गाडी वळणाआड होईपर्यंत उभे राहते. जाणाऱ्याच्या पिशवीत कुळथाचे पीठ, आमसुले, सुकट कोंबली जाते. मुंबईत हे सगळे मिळते हे कोंबणाऱ्यालाही ठाऊक असते. या बाजूने सवयी शाबूत आहेत. ढिलाई आहे ती पोचणाऱ्याकडून. पुण्याला वसतिगृहात पोचलेला मुलगा मित्रांना फोटो पाठवतो, घरी कळवायचे राहून जाते, आणि इकडे रात्री अकरापर्यंत पडवीतला दिवा जळत असतो.

एकत्र जेवणाबद्दल सगळेच बोलतात, त्यामुळे इथे एकच मुद्दा. ज्या घरात आई सगळ्यांना वाढून शेवटी एकटी जेवते, तिथे सगळे एकत्र जेवतात असे म्हणता येत नाही. पुरुषांची पंगत आधी आणि बायकांची नंतर, ही रीत कार्यात एक वेळ जागेच्या अडचणीमुळे समजून घेता येते. रोजच्या चार माणसांच्या घरात तिला काहीच कारण नाही. भाताचे पातेले आणि कालवणाचे भांडे मध्ये ठेवावे, ज्याने त्याने वाढून घ्यावे, आणि भाकरी करून झाल्याशिवाय कोणी पहिला घास घेऊ नये. पहिल्या रांगेत बसलेल्या मान्यवरांपैकी किती जणांच्या घरी असे होते, हे विचारण्याचा मोह होतो आहे. हात वर करण्याची सक्ती नाही. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या घरच्या मंडळींच्या हसण्यावरून अंदाज आलाच आहे.

भांडण झाले तर या सवयींचे काय होते, यावरून घराची खरी परीक्षा होते. अबोला धरलेल्या माणसाचेही ताट झाकून ठेवायचे, ही आपल्याकडची जुनी पद्धत. बोलणे बंद, वाढणे चालू. अमेरिकेतल्या स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट या संशोधकांनी 1980 च्या सुमारास दारूने पछाडलेल्या बापांच्या किंवा आयांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. ज्या घरांनी तशा परिस्थितीतही रात्रीचे जेवण आणि सणवार यांची घडी मोडू दिली नाही, त्या घरांतली मुले मोठेपणी स्वतः त्या व्यसनात सापडण्याचे प्रमाण कमी आढळले. व्यसनी माणसाला सांभाळून घ्यावे असा याचा अर्थ कोणी काढू नये. मुलांचे जेवण त्याच्या येण्यावर आणि न येण्यावर टांगून ठेवू नये, एवढाच अर्थ आहे.

सवयींपैकी सर्वांत दुर्लक्षित सवय म्हणजे गोष्टी सांगणे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी वीस प्रश्न तयार केले. आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडील कसे भेटले, तुझ्या जन्माच्या वेळी काय घडले, घरावर कोणते संकट येऊन गेले, अशा धर्तीचे. ज्यांना जास्त उत्तरे येत होती, त्या मुलांत आत्मविश्वास जास्त दिसला. ड्यूक यांनी स्वतःच बजावले आहे की उत्तरे पाठ करून काही होत नाही. ती उत्तरे कानावर पडण्यासाठी आधी वर्षानुवर्षे कोणीतरी सांगत बसलेले असावे लागते. इथल्या मुलांना विचारण्यासारखा एक प्रश्न समोरच आहे. गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला आणि हजारो चाकरमानी ट्रंका घेऊन गावी परतले. तुमच्या घरी त्या वर्षी कोण परतले, आणि त्या वर्षीचे गणपती कसे झाले? आजोबा याचे उत्तर एका बैठकीत देणार नाहीत. पहिल्या खेपेला ते गिरणीच्या खात्यातल्या साच्यांविषयीच बोलतील.

फोनने हे सगळे सोपे केले आणि थोडे नासवलेही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे चित्र येते, त्याखाली सगळे हात जोडतात आणि आजोळच्या मामाला काविळीतून उठून महिना झाला हे कोणालाच माहीत नसते. आलेले चित्र पुढे ढकलणे म्हणजे ओ देणे नव्हे. त्या मानाने आजीचा व्हिडिओ कॉल बरा. पडद्यावर तिचे कपाळ आणि घराचे आढे एवढेच दिसते, पण काय जेवलास हा प्रश्न ती विचारतेच, आणि त्याचे खरे उत्तर द्यावे. मेसमधली आमटी पातळ होती हे तिला ऐकायचे असते.

चौकशी आणि पाळत यांत मात्र फरक आहे. मुलीला संध्याकाळभरात चार फोन आणि तिच्या भावाला एकही नाही, याला काळजी म्हणत नाहीत. कळवण्याचा नियम करायचा तर तो घरातल्या सर्वांना सारखा असावा, उशिरा येणाऱ्या वडिलांनाही.

आणि शेवटची गोष्ट त्याच वडिलांची. बाहेरगावी शिकणारी मुले फोन करतात तो आईला. पाच मिनिटे बोलून झाल्यावर आई फोन पुढे करते, वडील पैसे आहेत का विचारतात, मुलगा आहेत म्हणतो, संपले. गावातल्या बहुतेक वडिलांची मुलांशी पुढची वीस वर्षे एवढीच बातचीत होते, कारण त्यांना हाक मारायची सवय नाही आणि त्यांची न मारलेली हाक कोणाला ऐकू येत नाही. यंदा बारावी होऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा वडिलांच्या नंबरवर वेगळा फोन लावावा. विषय सुचत नसेल तर नांगरणी कुठवर आली, कलमांना मोहोर कसा आहे, गाय दूध किती देते, हे विचारावे. पहिले दोन-तीन फोन अर्ध्या मिनिटात आटोपतील. तरीही लावत राहावे.