न छापलेली बातमी



लोकमान्य टिळक याच रत्नागिरीत १८५६ साली जन्मले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हेही याच जिल्ह्यातले. परंतु १९२० साली ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा टिळकांच्या ‘केसरी’ने पैसे देऊ केले असताही त्याची साधी जाहिरात छापली नाही. खोट्या बातमीचे खंडन करता येते. मौनाचे खंडन कसे करणार? म्हणून बाबासाहेबांनी पुढे १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ व १९३० साली ‘जनता’ काढले.

आजही राजकीय वृत्त वाचताना विचारा : पुढाऱ्यांचे भाषण आले, श्रोत्यांचे गाऱ्हाणे का आले नाही? ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचे म्हणणे कोठे आहे? उत्तर न मिळाल्यास संपादकास लिहा. तेथेही दाद न लागल्यास आपले पत्र जगवा.