वेरोनाचं सुवर्णवर्ष

16 सप्टेंबर 1984. इटलीतल्या वेरोना शहराचं बेन्तेगोदी स्टेडियम. सगळ्यांचे डोळे नापोलीच्या दिएगो माराडोनाकडे. ‘सेरी आ’ या इटालियन फुटबॉल लीगमधला हा त्याचा पहिलाच सामना! पण वेरोनाचा धिप्पाड जर्मन खेळाडू हान्स-पेटर ब्रीगेल त्याच्या सावलीसारखा मागे लागला, वर स्वतः एक गोलही करून गेला. यजमान हेलास वेरोना 3-1 नं जिंकला.

त्या काळी सेरी आ म्हणजे जगातल्या नामवंतांचा मेळाच. युव्हेंटसकडे प्लातिनी, उदिनेसेकडे झिको. वेरोनाकडे मात्र एकही लीग विजेतेपद नव्हतं. होते ते मितभाषी प्रशिक्षक ओस्वाल्दो बान्योली. इतर संघांनी सोडून दिलेल्या खेळाडूंना जागा देऊन त्यांनी संघ उभा केला आणि भक्कम बचावातून झटपट प्रतिहल्ल्याचा खेळ बसवला.

ऑक्टोबरमध्ये युव्हेंटसविरुद्ध वेरोनाचा डॅनिश खेळाडू एल्कियर याचा बूट धावताना निघाला. तो थांबला नाही. तशाच पायानं त्यानं गोल मारला! वेरोनात आजही त्या गोलाची आठवण निघते.

त्या मोसमात पंचांची नेमणूक चिठ्ठ्या टाकून होत असे. नेमक्या त्याच मोसमात वेरोना अव्वल ठरला, या योगायोगाची चर्चा खूप झाली, पण 30 सामन्यांत फक्त दोन पराभव आणि 19 गोल स्वीकारणाऱ्या संघाच्या यशाचं श्रेय चिठ्ठ्यांना देणं अन्यायाचंच.

12 मे 1985 रोजी बेर्गामोत अतालांताशी 1-1 बरोबरी झाली आणि विजेतेपद निश्चित झालं. बरोबरीचा गोल एल्कियरचाच. वेरोनाचं ते आजवरचं एकमेव लीग विजेतेपद आहे.