उंचीचे माप गल्लीत घ्या

गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीत टॉवर हवेत की नकोत, या वादात आपण वास्तुरचनाकार आणि नगररचनाकार फार वर्षे अडकलो आहोत. माझे म्हणणे असे की, इमारत किती उंच हा प्रश्न तिच्या पायथ्याशी किती जागा मोकळी राहते यापासून तोडताच येत नाही. जुन्या मुंबईत आपण तो तोडला, हीच मूळ चूक. या शहराला हे नाते पूर्वी ठाऊक होते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि कोंदट खोल्यांत उजेड-वारा यावा म्हणून त्याने साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम धरला. सोप्या हिशेबात, समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मोकळे हवे. १५ मीटरच्या चाळीला साडेसात मीटर पुरतात. १५० मीटरच्या टॉवरला ७५ लागतात. गिरगावातली कोणती वाडी एवढी रुंद आहे?

आजचा हिशेब नेमका उलटा चालतो. दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या, म्हणजेच उपकरप्राप्त, इमारतीच्या पुनर्विकासात भाडेकरूंना मोफत घरे मिळतात, त्यांचा खर्च विक्रीच्या सदनिकांतून निघतो आणि विक्रीचे प्रोत्साहन क्षेत्र पुनर्वसनाच्या क्षेत्राच्या प्रमाणात ठरते. म्हणजे जिथे आधीच दाटी जास्त, तिथेच मजले जास्त. त्यात मोकळ्या अंतराची तूट अधिमूल्य भरून माफ करून घेता येते. खाली गाड्यांसाठी पोडियम उभा राहतो आणि जिथे दुकानाची फळी, ओटा, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी होती, तिथे रस्त्याला कोरी भिंत लागते. शेजारच्या चाळीत दुपारीच दिवा लावावा लागतो. तिची संमती मात्र कुणी मागत नाही.

यावर सर्वांत खरा आक्षेप जिवाचा आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली आणि माणसे टेकू लावलेल्या घरांत राहिली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ जण दगावले. त्यामुळे ‘चाळी आहेत तशाच जपा’ असे मी म्हणणार नाही. पण सुरक्षित घराला चाळीस मजले लागत नाहीत, ते प्रकल्पाच्या जमाखर्चाला लागतात. आणि जमाखर्च बदलता येतो. वारसा इमारतींना विकास हक्क दुसरीकडे हस्तांतरित करण्याची सोय आपल्या नियमांत आहेच. तीच सोय अरुंद गल्ल्यांतल्या उपकरप्राप्त इमारतींनाही द्यावी. जिथे अनेक भूखंड एकत्र करून रस्ते खरोखर रुंद होतात, तिथे उंचीला माझा विरोध नाही. भेंडीबाजारची साडेसोळा एकरांची समूह योजना म्हणूनच एकट्यादुकट्या टॉवरपेक्षा निराळी ठरते.

दुसरा आक्षेप मेट्रोचा. २०२५ पासून काळबादेवी आणि गिरगावला भुयारी स्थानके आहेत, मग वस्ती वाढली तर बिघडले कुठे, असे विचारतात. मेट्रो माणसे नेते. पाणी, मैला आणि अग्निशमनाचा बंब यांना मात्र त्याच जुन्या गल्लीतून जावे लागते.

म्हणून इथे जमलेल्या प्रत्येक व्यावसायिकाला माझी विनंती आहे: यापुढे जुन्या मुंबईतला कोणताही आराखडा सादर करताना समोरच्या चाळीसह संपूर्ण गल्लीचा छेद त्याला जोडा, आणि डिसेंबरातल्या सावलीचा नकाशा शेजाऱ्यांसमोर ठेवल्याशिवाय त्यावर सही करू नका.